शून्य नोंदी आणि समीक्षेचा पुरावा

शेक्सपिअरच्या नाटकांची समग्र शब्दनिर्देशसूची तयार करण्याचे काम मेरी काउडन क्लार्क यांनी १८२९ साली हाती घेतले. ती सूची पुरी होऊन छापून बाहेर पडेपर्यंत १८४५ साल उजाडले. या सूचीतून त्यांनी अतिपरिचित असे पुष्कळ किरकोळ शब्द वगळले होते, आणि त्यात त्या काळच्या वाचकाला काही गैर वाटण्याचे कारण नव्हते. सूची वापरणाऱ्याला अर्धवट आठवणाऱ्या ओळीचा ठावठिकाणा लावायचा असे. त्याला मुकुट, वादळ, विवेक, रक्त असे भारदस्त शब्द हवे असत. उपपदे आणि शब्दयोगी अव्यये घेऊन तो काय करणार होता?

१९८७ साली ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल विद्यापीठाचे जॉन बरोज यांनी जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘कॉम्प्युटेशन इन्टू क्रिटिसिझम’ हे त्याचे नाव. बरोज यांनी संगणकाच्या साहाय्याने तपासले ते नेमके हेच टाकाऊ शब्द. एखाद्या कादंबरीतील सर्वाधिक वापरले जाणारे तीसएक शब्द घेतले, तर एकंदर मजकुराचा सुमारे दोन-पंचमांश भाग त्यांनीच व्यापलेला असतो. आणि समीक्षा मात्र हा भाग जणू कोरा आहे असे समजून उरलेल्या शब्दांवर बोलत असते. बरोज यांनी दाखवले, की ऑस्टिनची पात्रे परस्परांहून वेगळी बोलतात ती केवळ आशयाने वेगळी नसतात. ‘द’, ‘ऑफ’, ‘नॉट’, ‘वी’ अशा शब्दांच्या प्रमाणातही प्रत्येकाची स्वतंत्र चाल असते. १८४५ मध्ये जे सूचीबाहेर ठेवणे शहाणपणाचे होते, तेच दीडशे वर्षांच्या आत शैलीचा प्रमुख पुरावा ठरले.

या दोन ग्रंथांमधील अंतर केवळ यंत्राचे नाही. वाङ्मयाचा कोणताही शोधयोग्य संग्रह उभा राहतो तेव्हा त्याच्या मुळाशी वाङ्मय म्हणजे काय, त्यातील काय मोलाचे आणि काय किरकोळ, यासंबंधी कोणाचा तरी आधीच झालेला निर्णय असतो. संग्रह हा स्वतःच एका वाचनाची निष्पत्ती असतो. समीक्षक त्याला प्रश्न विचारतो तेव्हा त्या अगोदरच्या वाचनाच्या चौकटीतच उत्तर मिळते. छापील सूचीत ही चौकट निदान प्रस्तावनेत सांगितलेली असे. संगणकाच्या पडद्यावर शब्द लिहिण्यासाठी एक रिकामी पट्टी तेवढी असते, आणि तिच्यात टाकलेल्या शब्दाला निमिषार्धात उत्तर मिळते : अमुक इतक्या नोंदी, किंवा, शून्य नोंदी.

हे शून्य फार फसवे आहे. सतराव्या शतकातील इंग्रजी गद्यात एखादी संकल्पना नव्हतीच, असा निष्कर्ष प्रबंधात लिहिला जातो तेव्हा त्याच्या पाठीशी पुष्कळदा असे एखादे शून्य असते. पण तो शब्द त्या काळी कोणी लिहिलाच नसेल. किंवा लिहिला असेल, पण ते पुस्तक काळाच्या ओघात नष्ट झाले असेल. पुस्तक उरले असेल, पण त्याचे टंकन झाले नसेल. टंकन झाले असेल, पण शब्दातील एक अक्षर शाईच्या डागाखाली गेले असेल. किंवा सारे काही सुखरूप असून स्पेलिंग तेवढे वेगळे असेल. पडदा या सर्वांना एकच आकडा देतो. यांपैकी कोणते शून्य आपल्यासमोर आहे हे ठरवायचे, तर संग्रह कसा घडला याचा इतिहास ठाऊक असावा लागतो, आणि हा इतिहास अभ्यासक्रमात कोठेही शिकवला जात नाही.

इंग्रजी वाङ्मयाच्या बाबतीत हा इतिहास बराच नाट्यमय आहे. ए. डब्ल्यू. पोलार्ड आणि जी. आर. रेडग्रेव्ह यांनी १९२६ साली एक ग्रंथसूची प्रसिद्ध केली. १४७५ ते १६४० या काळात इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये छापलेली, आणि परदेशांत छापलेली इंग्रजी पुस्तके असा तिचा आवाका होता. नोंदी सुमारे सव्वीस हजार. १६४१ ते १७०० या पुढच्या काळाची सूची डोनल्ड विंग यांनी केली. या सूचीकारांच्या मनात संगणक असण्याचा प्रश्नच नव्हता. कोणत्या ग्रंथालयात कोणती प्रत आहे हे अभ्यासकाला कळावे, इतकाच त्यांचा हेतू. पुढे अमेरिकेतील ॲन आर्बर येथे यूजीन पॉवर यांनी १९३८ मध्ये युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स ही संस्था काढली आणि पोलार्ड–रेडग्रेव्ह यांच्या सूचीतील पुस्तकांची पाने मायक्रोफिल्मवर उतरवण्याचे काम आरंभले. हे काम अनेक दशके चालू राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस या फिती संगणकावर चढवल्या गेल्या आणि ‘अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन’ हा संग्रह निर्माण झाला. त्यात आज सव्वा लाखाहून अधिक ग्रंथांची पाने आहेत.

म्हणजे पडद्यावर दिसते ते पुस्तकाचे पान नव्हे. पानाच्या कृष्णधवल छायाचित्राचे ते छायाचित्र असते. पाठच्या बाजूची शाई पुढे उमटलेली, बांधणीच्या खाचेत गेलेल्या ओळी, समासातील हस्तलिखित टिपा पुसट झालेल्या, आणि कागदाचा पोत तर कायमचा नाहीसा. शिवाय बहुतेक वेळा एका आवृत्तीची एकच प्रत चित्रित झाली. जुन्या छापखान्यात छपाई चालू असतानाच चुका दुरुस्त होत, आणि दुरुस्त व बिनदुरुस्त फर्मे एकत्रच बांधले जात. त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन प्रती अक्षरशः सारख्या नसतात. चार्ल्टन हिनमन यांनी वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातील पहिल्या फोलिओच्या पन्नासहून अधिक प्रती पानोपान ताडून १९६३ साली हे तपशिलाने सिद्ध केले. चित्रित झालेली प्रत ही त्या आवृत्तीची प्रतिनिधी आहे हे गृहीतक सोयीचे आहे. ते खरे असेलच असे नाही.

पण छायाचित्रात शब्द शोधता येत नाही. त्यासाठी मजकूर अक्षरांच्या रूपात यावा लागतो, आणि सोळाव्या शतकातील गोथिक वळणाची अक्षरे, झिजलेले खिळे, तिरप्या ओळी यांपुढे यांत्रिक अक्षरवाचन हतबल होते. म्हणून १९९९ मध्ये मिशिगन आणि ऑक्सफर्ड या विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी संग्रहाच्या प्रकाशकाशी भागीदारी करून एक जुनाच मार्ग पत्करला. सारे हाताने टंकित करायचे. अनेक ग्रंथालयांनी वर्गणी काढली. वीस हजार अक्षरांत एकाहून अधिक चूक नसावी, अशी अट घातली गेली. ‘टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेतील पहिल्या पंचवीस हजार संहिता १ जानेवारी २०१५ रोजी सर्वांसाठी खुल्या झाल्या. दुसऱ्या टप्प्यातील २०२० मध्ये. दोन्ही मिळून आकडा साठ हजारांच्या घरात जातो. इंग्रजीच्या अभ्यासाच्या इतिहासात इतकी मोठी गोष्ट इतक्या गाजावाजाविना क्वचितच घडली असेल.

सव्वा लाखांतून साठ हजार निवडले कसे? पहिल्या टप्प्यात आधार घेतला गेला तो ‘न्यू केंब्रिज बिब्लिओग्राफी ऑफ इंग्लिश लिटरेचर’ या १९६९ ते १९७७ या काळात प्रसिद्ध झालेल्या पंचखंडी ग्रंथसूचीचा. तिच्यात ज्याचे नाव, त्याची कृती टंकनाला पात्र. प्राधान्य पहिल्या आवृत्तीला, आणि इंग्रजी भाषेतील ग्रंथांना. लॅटिन ग्रंथ बव्हंशी बाजूला राहिले. हीच ग्रंथसूची याआधीही एका मोठ्या संग्रहाच्या मुळाशी होती. चॅडविक-हीली या प्रकाशनसंस्थेने १९९२ ते १९९५ या काळात इंग्रजी काव्याचा जो संग्रह सीडीवर आणला, त्यात कोणते कवी असावेत हे ठरले ते याच ग्रंथसूचीवरून. सातव्या शतकापासून १९०० पर्यंतचे साडेबाराशेहून अधिक कवी, एक लाख पासष्ट हजारांच्या आसपास कविता. किंमत मात्र अशी, की आपल्याकडील बहुतेक विद्यापीठांनी त्याची केवळ जाहिरातच पाहिली असावी. आणि ज्या आवृत्त्यांचे स्वामित्वहक्क संपले होते त्याच प्रायः घेता आल्या, म्हणून विसाव्या शतकातील उत्तम संपादने बाहेर राहून व्हिक्टोरियन संपादकांनी डागडुजी केलेले पाठ आत आले.

ही ग्रंथसूची सिद्ध झाली तो काळ लक्षात घेतला पाहिजे. विस्मृतीत गेलेल्या लेखिकांचा आणि श्रमिक वर्गातील कवींचा शोध घेण्याची चळवळ इंग्रजी समीक्षेत जोमाने सुरू झाली ती त्यानंतर. म्हणजे समीक्षेने ज्या वाङ्मयीन दर्जाव्यवस्थेला आव्हान दिले, तीच व्यवस्था ग्रंथसूचीच्या वाटेने यंत्रात शिरली आणि तेथे ‘समग्र’ या नावाने नांदू लागली. नव्वदच्या दशकात एकीकडे सांकेतिक वाङ्मयपरंपरेच्या विघटनाची भाषा होत होती, आणि दुसरीकडे तीच परंपरा चकतीवर गोठवली जात होती. या दोन घटना एकमेकींकडे पाहतसुद्धा नव्हत्या. ब्राउन विद्यापीठात १९८८ मध्ये आरंभलेला ‘विमेन रायटर्स प्रोजेक्ट’ हा याला अपवाद. तेथे लेखिकांच्या मुद्रित कृती संगणकावर आणताना पहिला विचार झाला तो हाच, की ज्यांची सूचीच झाली नाही त्यांचा संग्रह कशावरून करायचा.

टंकन झाले ते भारतासारख्या देशांत, कंत्राटावर. कोठल्या तरी शहरात पाळीवर बसलेला टंकलेखक सोळाव्या शतकातील प्रवचने, वनस्पतिशास्त्रावरील बाडे, राजद्रोहाच्या खटल्यांचे वृत्तांत, प्रेमकविता हे सारे एका वेगाने उतरवत होता. त्याला त्या काळची इंग्रजी येणे अपेक्षित नव्हते. किंबहुना ती न येणे हीच त्याची पात्रता होती, असे म्हटले तरी चालेल. अर्थ समजणारा माणूस नकळत दुरुस्ती करतो. अर्थ न समजणारा दिसेल तेच लिहितो. संस्कृत पोथ्यांच्या लेखनिकांविषयी पाठचिकित्सकांचा हाच अनुभव आहे : विद्वान लेखनिकापेक्षा अडाणी लेखनिक अधिक विश्वासू. इंग्लंडच्या प्रबोधनकालीन वाङ्मयाचा हा नवा पाठ ज्यांच्या बोटांनी घडला त्यांची नावे कोणत्याही श्रेयनामावलीत नाहीत. पोथीच्या शेवटी लेखनिकाला निदान आपले नाव आणि पाठदुखीची तक्रार लिहिता येत असे.

या टंकलेखकाला एक नियम दिलेला होता, आणि साऱ्या व्यवहारातील सर्वांत मोलाची गोष्ट कदाचित तीच असेल. अक्षर वाचता आले नाही तर तर्क करायचा नाही. त्या जागी खूण ठेवायची. एक अक्षर गेले असेल तर एक ठिपका, शब्द गेला असेल तर दुसरी खूण. या संहिता वाचताना शब्दाच्या मधोमध असा ठिपका वारंवार भेटतो. प्रथम तो त्रासदायक वाटतो, नंतर त्याच्याविषयी आदर वाटू लागतो. ‘येथे मला दिसले नाही’ एवढे प्रांजळ विधान करणारा तो एका अनामिक माणसाचा हस्ताक्षरच आहे म्हणा ना. आणि तो शोधाला अडवतो. ज्या शब्दात ठिपका आहे तो शब्द पट्टीत टाकून सापडत नाही. संग्रहात असूनही तो नसल्यात जमा होतो.

असाच आणखी एक नियम होता, तो अधिक खर्चिक ठरला. रोमन लिपीहून वेगळ्या लिपीतील मजकूर टंकित करायचा नाही. ग्रीक, हिब्रू, अरबी अक्षरे दिसली की तेथे ‘रोमनेतर लिपी’ अशा अर्थाची खूण करून पुढे जायचे. व्यवहाराच्या दृष्टीने यात अवाजवी काही नाही. टंकलेखकाकडून हिब्रूची अपेक्षा कशी करणार? परंतु इंग्रजी प्रबोधनकाळ म्हणजे ज्या विद्वानांनी ग्रीक आणि हिब्रू यांच्या बळावर धर्मग्रंथाचा अर्थ पुन्हा लावला, त्यासाठी वाद घातले, प्रसंगी प्राणही दिले, त्यांचा काळ. त्यांच्या ग्रंथांत ग्रीक शब्द येतो तो शोभेसाठी नव्हे. युक्तिवादाची बिजागरी तेथे असते. त्या बिजागरीच्या जागी आज एक खूण आहे. वारंवारतेचे आलेख काढणाऱ्या अभ्यासकाला हा सारा काळ आहे त्याहून कितीतरी अधिक एकभाषिक दिसणार, यात शंका नाही. लॅटिन ग्रंथ निवडीतच वगळले, ग्रीक-हिब्रू टंकनात गळले. मग इंग्रजी गद्य स्वयंभू होते असा निष्कर्ष निघाला, तर तो संग्रहाने काढलेला असेल, वाङ्मयाने नव्हे.

अठराव्या शतकाच्या बाबतीत हा मार्ग सोडावा लागला. २००३ मध्ये आलेल्या ‘एटीन्थ सेंच्युरी कलेक्शन्स ऑनलाइन’ या संग्रहात आज पावणेदोन लाखांहून अधिक ग्रंथ आहेत. हाताने टंकित झाले ते त्यातील जेमतेम दोन-अडीच हजार. बाकी सारे यंत्राने वाचले, आणि तेही मायक्रोफिल्मवरून. यंत्र ठिपका ठेवत नाही. काही झाले तरी ते काहीतरी वाचतेच. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या आरंभी व मध्ये येणारा लांब ‘एस’ दिसायला ‘एफ’सारखा असे, आणि यंत्राने तो शेकडो ठिकाणी ‘एफ’ म्हणून नोंदवला. २०१० च्या डिसेंबरमध्ये गूगलने लक्षावधी पुस्तकांतील शब्दांची वारंवारता दाखवणारी सोय खुली केली, तेव्हा अठराव्या शतकातील इंग्रजी लेखक एक अत्यंत असभ्य शब्द सर्रास वापरत आणि १८०० च्या सुमारास त्यांना अचानक सभ्यता सुचली, असे चित्र दिसू लागले. प्रत्यक्षात १८०० च्या सुमारास मुद्रकांनी लांब ‘एस’ टाकून दिला होता. ‘शोषणे’ या अर्थाचे निरुपद्रवी क्रियापद तोवर यंत्राच्या डोळ्यांतून बदनाम होत होते. हा विनोद ध्यानात राहतो म्हणून निरुपद्रवी आहे. ज्या चुका हसवत नाहीत, ज्यांतून अर्थपूर्ण पण निराळाच शब्द तयार होतो, त्या कोणाच्या लक्षात येत नाहीत आणि मोजल्या मात्र जातात.

ठिपके भरून काढण्याचे प्रयत्न अर्थात झाले आहेत. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे मार्टिन म्यूलर यांनी शेक्सपिअरच्या समकालीनांच्या नाटकांवर विद्यार्थ्यांना बसवले. त्यांनी पानांची छायाचित्रे, जमेल तेथे दुसऱ्या प्रती पाहून हजारो अपूर्ण शब्द पुरे केले. पदवीपूर्व वर्गातील मुलांनी केलेले हे काम अनेक प्रबंधांहून टिकाऊ आहे. परंतु साठ हजार ग्रंथांतील ठिपके माणसे कधी भरणार? म्हणून आता हे काम यंत्रांवर सोपवण्याकडे कल आहे. आजूबाजूचे शब्द पाहून कोणते अक्षर संभाव्य हे सांगणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत आणि बहुतेक वेळा त्यांचे उत्तर बरोबरही असते.

‘बहुतेक वेळा’ या शब्दांतच अडचण आहे. पाठचिकित्सेत एक जुना संकेत आहे : दोन पाठांपैकी अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक. लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करत नाही. संभाव्यतेवर चालणारे यंत्र नेमके उलट्या दिशेने जाते. संदर्भात जो शब्द सर्वांत अपेक्षित तो ते भरणार. कवीने अनपेक्षित शब्द योजला असेल, आणि कवीला कवी म्हणतात ते बरेचसे त्यासाठीच, तर तो पहिल्यांदा डागाखाली जाईल आणि दुसऱ्यांदा दुरुस्तीखाली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा संपादकांनी स्वीकारलेल्या पाठातही जो भाग निःसंशय नव्हता त्याच्याखाली नागमोडी रेषा ओढली, आणि पाठभेद तळटिपांत दिले. वाचकाला पाठ मिळे आणि त्या पाठाविषयीची शंकाही मिळे. यंत्राने भरलेल्या अक्षराखाली अशी रेषा असेल तर कोणाचीच तक्रार असू नये. ती नसेल, तर ठिपकाच बरा.

स्पेलिंगचे एकरूपीकरण ही वरवर साधी वाटणारी गोष्टही याच जातीची आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत एकच शब्द अनेक परींनी लिहिला जाई; ‘यू’ आणि ‘व्ही’, ‘आय’ आणि ‘जे’ यांची जागा ठरलेली नव्हती. ‘लव्ह’ हा शब्द आजच्या रूपात शोधला तर त्या काळात प्रेमाचा दुष्काळ होता असे वाटावे. म्हणून संगणकीय विश्लेषणापूर्वी जुनी रूपे आजच्या रूपांत बदलून घेतात. आशयाचा शोध घेणाऱ्याला हे आवश्यकच आहे. पण पहिला फोलिओ किती जुळाऱ्यांनी जुळवला हे ज्यावरून ओळखले गेले तो पुरावा ‘डू’, ‘गो’ आणि ‘हिअर’ या तीन क्षुल्लक शब्दांच्या स्पेलिंगचा होता. एक जुळारी शेवटी ‘ई’ जोडी, दुसरा जोडत नसे. एकरूप केलेल्या संहितेत हे दोन जुळारी एकमेकांत विरून जातात. एका प्रश्नासाठी जमीन साफ करताना दुसऱ्या प्रश्नाचे रोप उपटले जाते, आणि त्यावर इलाज एकच : मूळ रूपही जपून ठेवायचे. चांगले संग्रह तसे करतात. त्यांतून उतरवून घेतलेल्या आणि हातोहात फिरणाऱ्या संहितांत मूळ रूप पुष्कळदा गळून पडलेले असते.

फ्रँको मोरेत्ती यांनी २००० साली ‘दुरून वाचन’ ही कल्पना मांडली, तेव्हापासून या संग्रहांना समीक्षेत प्रतिष्ठा मिळाली. कोणी न वाचलेल्या हजारो कृतींचा विचार केल्याशिवाय वाङ्मयेतिहास लिहिता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. पण ‘सर्व’ कृतींच्या जवळ गेल्याचा भास आणि प्रत्यक्ष यांत अंतर राहिले. १५६७ ते १६४२ या काळात लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीसाठी सुमारे तीन हजार नाटके लिहिली गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. उपलब्ध आहेत साडेपाचशेच्या आत. दुरून पाहणाऱ्यालाही दिसतात ती उरलेलीच. कॅथरीन बोड यांनी २०१७ मध्ये मोरेत्तींवर घेतलेला आक्षेप या संदर्भात मुळाशी जाणारा आहे. जवळून वाचणारे आणि दुरून वाचणारे दोघेही संहितेच्या घडणीचा इतिहास सारखाच विसरतात, आणि म्हणून अशा प्रत्येक संग्रहाला चिकित्सक आवृत्तीची शिस्त लावली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्या मानाने नान दा यांनी २०१९ मध्ये संख्याशास्त्राच्या अंगाने केलेली टीका अधिक गाजली. गाजणे स्वाभाविक होते. आकडेमोडीतील चूक दाखवणे नेहमीच अधिक चुरचुरीत असते. परंतु आकडेमोड निर्दोष असूनही मोजलेली वस्तूच चुकीची असू शकते, हा बोड यांचा मुद्दा अधिक दूरवर पोहोचतो.

अशी शिस्त अशक्य नाही, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे आणि ते येथे फारसे कोणाला ठाऊक नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ मध्ये भारतीय इंग्रजीचा एक संगणकीय संग्रह सिद्ध झाला. ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने तो जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना परिचित आहे. १९६१ सालच्या अमेरिकन इंग्रजीवर आधारलेल्या ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहाचा नमुना त्यासाठी समोर होता. १९७८ सालचे भारतीय इंग्रजी लेखन, प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे पाचशे उतारे, एकूण दहा लाख शब्द. आजच्या मानाने हा आकडा अगदीच लहान. पण कोणता उतारा कोणत्या पुस्तकातून वा नियतकालिकातून घेतला, कोणत्या प्रकाराला किती जागा दिली, हे सारे संग्रहासोबतच्या पुस्तिकेत नमूद आहे. येथे शून्य नोंदी आल्या तर त्या शून्याची व्याप्ती काय हे कोणालाही सांगता येते. वाङ्मयाच्या अभ्यासकाची त्यातून निराशा होईल, हेही तितकेच खरे. दोन हजार शब्दांच्या तुकड्यावरून कादंबरीची रचना कळत नाही. संग्रह भाषेसाठी होता, कृतींसाठी नव्हता, आणि त्याने तसा दावाही कधी केला नाही.

भारतीय इंग्रजी कादंबरीचे आणि कवितेचे पूर्ण पाठ एकत्र शोधता येतील असा संग्रह करायचा, तर आड येतो तो स्वामित्वहक्क. आपल्याकडे तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. गूगलच्या खटल्यात २०१५ साली अमेरिकन न्यायालयाने पुस्तकांत शब्द शोधू देणे आणि त्रोटक उतारा दाखवणे वैध ठरवले. पण तो कायदा तेथला. त्यामुळे आर. के. नारायण यांचा एखादा शब्द परदेशी संग्रहात किती वेळा आला हे कळू शकते, तो कोणत्या वाक्यात आला हे कळत नाही. वाक्याविना शब्दाचे समीक्षेने काय करायचे, हा प्रश्न त्या निकालाच्या कक्षेत नव्हता.

या सगळ्याचा परिणाम पदव्युत्तर अभ्यासकावर होतो तो असा. २०१५ पूर्वी मुंबई, पुणे, औरंगाबाद किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याला सतराव्या शतकातील दुय्यम लेखकावर काम करायचे, तर विलायतेला जाणे किंवा विषय सोडून देणे हे दोनच पर्याय प्रायः असत. आता त्याच्याजवळ साठ हजार संहिता आहेत, आणि त्या एका साध्या संगणकात मावतात. ही क्रांती खरी आहे. मात्र ज्या छायाचित्रांवरून टंकन झाले ती छायाचित्रे अजून प्रकाशकाच्या मालकीची आहेत आणि वर्गणी भरणाऱ्या संस्थांच्या वाचकांनाच ती पाहता येतात. शब्दाच्या मध्ये ठिपका आला, किंवा ग्रीक ओळीच्या जागी खूण आली, की याच विद्यार्थ्याची वाट तेथे थांबते. फोल्जरसारख्या काही ग्रंथालयांनी आपल्या निवडक प्रतींची पाने विनामूल्य खुली केली आहेत, त्यांत हवे ते पुस्तक असले तर प्रश्न मिटतो. नसले तर ती प्रत ज्या ग्रंथालयात आहे तेथील ग्रंथपालांना पृष्ठांक कळवून, तेवढी एक ओळ पाहून सांगाल का, असे पत्र पाठवावे लागते. पुष्कळदा उत्तर येते.